डोळे साक्षीदार, विवेक न्यायाधीश
(जीर्णोद्धार सोहळ्यानिमित्त झालेल्या व्याख्यानावरून)



देवळात माणूस पाचही इंद्रियांनिशी येतो. घंटेचा नाद कानाला, मूर्तीचे दर्शन डोळ्यांना, धुपाचा दरवळ नाकाला, तीर्थप्रसाद जिभेला आणि आरतीवरून फिरवलेल्या तळव्याची ऊब त्वचेला. जगाची जी काही ओळख होते ती याच पाच दारांतून. पण दारातून आलेला प्रत्येक पाहुणा खरेच बोलतो असे नाही. देवळाची भिंत चढवताना गवंडी हे ओळखून असतो. भिंत सरळ दिसते एवढ्याने त्याचे समाधान होत नाही. तो ओळंबा सोडतो, पाण्याच्या नळीने पातळी पाहतो आणि मगच पुढचा थर रचतो.

महाडजवळ सव येथे गरम पाण्याचे झरे आहेत. तेथील सोसवेल अशा ऊन पाण्यात एक हात ठेवावा, दुसरा गार पाण्यात ठेवावा, आणि थोड्या वेळाने दोन्ही हात कोमट पाण्याच्या एकाच बादलीत घालावेत. एक हात म्हणेल पाणी गार आहे, दुसरा म्हणेल ऊन आहे. पाणी एकच, साक्षी मात्र दोन! विलायतेतील तत्त्ववेत्ता जॉन लॉक याने सतराव्या शतकाच्या अखेरीस असाच दाखला दिला होता. त्वचा पाण्याचे नेमके माप सांगत नाही. आधी जे अंगवळणी पडले त्याच्याशी तुलना करून सांगते.

त्वचेची ही सवय घटकाभराची. मनाची सवय पिढ्यान्‌पिढ्या टिकते. महाडच्या चवदार तळ्याचेच पाहा. त्या पाण्याचा रंग, गारवा आणि चव सर्वांना सारखीच. तरीही अस्पृश्य मानलेल्या बांधवांना तेथे मज्जाव होता. १९२४ साली नगरपालिकेने तळे सर्वांना खुले करण्याचा ठराव केला, पण रूढीपुढे तो कागदावरच राहिला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या अनुयायांसह ते पाणी प्राशन केले. पुढे काही मंडळींनी पंचगव्याने तळ्याचे ‘शुद्धीकरण’ करविले. पाण्यात असा कोणता बदल झाला होता? कोणाच्याही जिभेला तो सांगता आला नसता. बाट पाण्यात नव्हताच, तो पाहणाऱ्याच्या मनात होता. मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल बाबासाहेबांच्या बाजूने लागला तो १७ मार्च १९३७ रोजी. मनाने चढवलेला रंग उतरायला दहा वर्षे कोर्टकचेरी करावी लागली, आणि निकाल लागला तरी मने बदलायला त्याहून अधिक काळ लागतो.

डोंगराच्या बाबतीत तर ही गोष्ट जिवावर बेतते. संस्कृतात पर्वताला ‘अचल’ म्हणतात, कारण डोळ्यांना तो हलताना दिसत नाही. पण जुलै २००५ मध्ये जुई, दासगाव, रोहन आणि कोंडिवते येथे दरडी कोसळल्या. २२ जुलै २०२१ रोजी तळिये गावावर डोंगर आला आणि ऐंशीहून अधिक माणसे गेली. त्याच अतिवृष्टीत पोलादपूर तालुक्यात साखर सुतारवाडी आणि केवनाळे येथेही घात झाला. वर मातीचा जाड थर, खाली काळा पाषाण. मुरलेल्या पाण्याने माती जड होते आणि तिची पकड सुटते. हिरवा डोंगर वरून जसाच्या तसाच दिसतो. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीच्या पुरात महामार्गावरचा जुना दगडी पूल असाच गेला आणि एस. टी. च्या दोन गाड्या प्रवाशांसह नदीत गडप झाल्या. वर्षानुवर्षे डोळ्यांदेखत उभा असलेला तो पूल! पण पायथ्याशी पाणी काय करते आहे ते रस्त्यावरून दिसत नाही. यात गेलेल्यांचा दोष नाही. त्यांच्या आठवणीने मागे राहिलेल्यांनी सावध व्हावे, एवढेच.

मग इंद्रियांवर विश्वास ठेवायचाच नाही की काय? तसे नव्हे. जमिनीला नवी भेग पडणे, झाड किंवा विजेचा खांब कलणे, झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ होणे, घराचे दार चौकटीत अडकू लागणे, डोंगरातून गडगडाट ऐकू येणे या खुणा डोळ्यांनी आणि कानांनीच कळतात. इंद्रिये आपले काम करीत असतात. ‘दरसालचाच पाऊस आहे’ म्हणून ती साक्ष फेटाळून लावते ते मन.

याच महाड तालुक्यात शिवथरघळ आहे. समर्थांनी दासबोध तेथे सांगितला अशी परंपरा आहे. शास्त्रप्रचीती, गुरुप्रचीती आणि आत्मप्रचीती या तिन्हींचा मेळ बसावा, अशी त्यांची शिकवण. परमार्थातला हा दंडक प्रपंचातही लागू पडतो. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली भेग ही आत्मप्रचीती. ‘येथे पूर्वीही दरड आली होती’ हे वडीलधाऱ्यांचे बोल गुरुस्थानी. आणि पर्जन्यमापकाचा आकडा व भूगर्भतज्ज्ञांचा अहवाल हे शास्त्र. तिन्ही एकच सांगत असतील तर भर रात्रीसुद्धा घर सोडावे. घर पुन्हा उभे राहते.

गावाने एकजुटीने हे देऊळ उभे केले. त्याच एकजुटीने पावसाळ्याआधी डोंगरउतार पाहून यावा, पऱ्ह्ये मोकळे करावेत आणि नव्या भेगांवर नजर ठेवण्यासाठी वाडीवाडीतील माणसे नेमावीत. पाण्याला जात चिकटवणारे आणि डोंगराला अचल म्हणणारे मन एकच असते. देवापुढे हात जोडताना पाचही इंद्रिये शाबूत राहोत आणि त्यांची साक्ष नीट तपासणारा विवेक जागा राहो, हीच प्रार्थना सर्वांच्या मुखी असावी.