खांबांच्या ओळी
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवातील भाषण)



चंडीमंदिराहून चंडीगढास जाणाऱ्या आपणां सर्वांना तेथील उच्च न्यायालयाचे तीन उत्तुंग, रंगीत स्तंभ परिचित आहेत. ही वास्तू १९५५ साली खुली झाली. तिचे रचनाकार ल कार्बुझिए यांचे एक तत्त्व असे की, भार खांबांनी वाहावा, म्हणजे भिंत मोकळी होते.

आपल्या वाड्यांतही भार सागवानी खांब व तुळया पेलीत. ओल लाकडास लागू नये म्हणून खांबाखाली दगडी तळखडा असे. शनिवारवाड्याचे लाकूडकाम १८२८ च्या आगीत भस्मसात झाले; दगडी जोती मात्र आजही त्याची मांडणी सांगतात. दोन खांबांमधील अंतर म्हणजे ‘खण’, आणि घराचे माप खणांतच मोजीत. घराचा मोठेपणा ठरे तो खांबांमधील मोकळ्या जागेने!

आज कित्येक वाडे पाडले जातात आणि त्यांचे नक्षीदार खांब दिवाणखान्यांची शोभा होतात. भार उतरलेला खांब केवळ शोभेचा उरतो. परप्रांतातील मंडळाचेही तसेच आहे. उत्सवाची शोभा त्याने जरूर व्हावे. परंतु मुलांच्या मराठीचा भार त्याने वाहिला, तरच पुढील पिढीस त्याच्या छायेत एखादा खण लाभेल.