प्रकाशित लेखनाचे दप्तर



पाताळगंगेच्या खोऱ्यात, मोहोपाड्याच्या शेजारी रासायनिक कारखाने उभे राहिले आणि त्या परिसराला ‘रसायनी’ हे नाव मिळाले. १९६० साली स्थापन झालेल्या हिंदुस्तान ऑरगॅनिक केमिकल्सचे येथील प्रकल्प, एकाचा अपवाद वगळता, बंद करण्याचा निर्णय केंद्र शासनाने २०१७ साली घेतला. कारखाना बंद होतो, कचेरीतील कागद विखुरतात, वरिष्ठ निवृत्त होतात. छापलेला लेख मात्र कोठेतरी नोंदलेला राहतो. कुशल तंत्रज्ञ म्हणून परदेशी स्थायिक होऊ पाहणाऱ्यास ही नोंद मोलाची ठरू शकते.

सर्वच देश लेखनाला सारखे महत्त्व देत नाहीत. कॅनडाच्या २०१५ पासूनच्या ‘एक्स्प्रेस एन्ट्री’ पद्धतीत वय, शिक्षण, अनुभव आणि भाषा यांना गुण आहेत. शोधनिबंधांना स्वतंत्र गुण नाहीत. याउलट, अमेरिकेच्या असामान्य गुणवत्तेच्या वर्गात दहा निकषांपैकी किमान तीन पुरे करावे लागतात आणि विद्वत्तापूर्ण लेखांचे कर्तृत्व हा त्यांतील एक आहे. मात्र तीन निकष पुरे झाले म्हणजे मंजुरी मिळालीच असे नाही. त्यानंतर एकूण पुराव्याचे वजन पाहिले जाते. म्हणून आपला अर्ज कोणत्या वर्गात बसतो, हे प्रथम पाहावे.

प्रत्येक लेखामागे एक स्वतंत्र पुडके असावे. त्यात नियतकालिकाचे मुखपृष्ठ, अनुक्रमणिका, संपूर्ण लेख, खंड, अंक, वर्ष, पृष्ठांक आणि आंतरराष्ट्रीय प्रमाण क्रमांक असावा. लेखकांची नावे छापली असतील त्याच क्रमाने द्यावीत. सहलेखकांत स्वतःचा वाटा कोणता, हे त्यांच्याच पत्राने सिद्ध करावे. कारखान्याचा अंतर्गत अहवाल हे प्रकाशन नव्हे.

जुना अंक हाती नसेल तर निराश होण्याचे कारण नाही. १९५४ च्या ग्रंथप्रदान अधिनियमानुसार भारतात प्रकाशित होणारी पुस्तके, आणि १९५६ च्या दुरुस्तीनंतर वृत्तपत्रे व नियतकालिकेही, ठरावीक ग्रंथालयांकडे पाठविणे प्रकाशकांवर बंधनकारक आहे. मुंबईतील टाऊन हॉलमधील मध्यवर्ती ग्रंथालय त्यांपैकी एक होय. तेथे शोध घेणे श्रेयस्कर.

मराठी लेखाबाबत आणखी एक काळजी घ्यावी. अमेरिकेस इंग्रजी भाषांतर संपूर्ण लागते आणि ते पूर्ण व अचूक आहे, तसेच आपण भाषांतरास सक्षम आहोत, असे भाषांतरकाराने लिहून द्यावे लागते. लेखावर केवळ आद्याक्षरे, पारपत्रावर वडिलांचे नाव, विवाहानंतर आडनाव वेगळे, असा घोळ आपल्याकडे नेहमीचा आहे. त्यासाठी प्रतिज्ञापत्र, विवाहाचा दाखला आणि नाव बदलले असल्यास शासन राजपत्रातील नोंद जोडावी.

पैसे घेऊन परीक्षणाविना लेख छापणाऱ्यांपासून मात्र दूर राहावे. अशा लेखाने अर्जाचे वजन वाढत नाही, उलट शंका वाढते. कॅनडात महत्त्वाची खोटी माहिती दिल्याचे आढळल्यास पाच वर्षे प्रवेशबंदी होऊ शकते. दोनच लेख असले आणि ते खरे असले, तर दोनच दाखवावेत.

हे दप्तर अर्जाच्या आदल्या रात्री तयार होत नाही. लेख छापून आला त्याच दिवशी त्याची प्रत जपून ठेवणे, ही त्याची खरी सुरुवात होय.