वानप्रस्थ : दोन चाकांचा आणि चार कुंड्यांचा

(ज्येष्ठ नागरिक दिनानिमित्त १ ऑक्टोबर रोजी पुण्यातील एका ज्येष्ठ नागरिक संघाच्या मेळाव्यात झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



संयुक्त राष्ट्रांनी १ ऑक्टोबर हा दिवस ज्येष्ठांसाठी निश्चित केला आणि १९९१ पासून तो जगभर पाळला जातो. या दिवशी ज्येष्ठांचे सत्कार होतात, शाल-श्रीफळ दिले जाते, आरोग्य तपासणीची शिबिरे भरतात. हे सर्व योग्यच आहे. परंतु आज मी आपल्याशी सन्मानाविषयी नव्हे, वेळेविषयी बोलणार आहे.

थोडा हिशेब मांडू. नोकरीचे आठ तास आणि जाण्या-येण्याचे दोन, असे दिवसाचे दहा तास आपण तीस-पस्तीस वर्षे बांधून दिलेले होते. निरोपसमारंभाच्या दुसऱ्या दिवशी ते एकदम मोकळे होतात. आपल्या देशात साठी गाठलेल्या व्यक्तीपुढे सरासरी सुमारे १८ वर्षांचे आयुष्य असते. रोजचे दहा तास धरले, तर हा काळ ६५ हजार तासांहून अधिक भरतो. एवढा काळ सुटी म्हणून घालवता येत नाही. तो जगावाच लागतो.

निवृत्तीत आपण नेमके काय गमावतो? वेतन कमी होते, त्याची तजवीज बहुतेकांनी केलेली असते. अधिकार जातो, त्याचेही दुःख काही महिन्यांत ओसरते. खरी उणीव वेगळीच असते. सकाळी आपली कोणीतरी वाट पाहत असे. आपण गेलो नाही तर कोणाचे तरी काम अडत असे. ते थांबते. मग माणूस वर्तमानपत्र दोनदा वाचतो, दूरदर्शन संच सुरू ठेवतो आणि स्वयंपाकघरात लक्ष घालू लागतो. येथे बसलेल्या भगिनी हसत आहेत, त्याचे कारण मी जाणतो. गृहिणीला निवृत्ती नसते. तिच्या दिवसाची घडी चाळीस वर्षांत बसलेली असते आणि त्या घडीत अकरा वाजताच्या तिसऱ्या चहाला आणि सूचनांना जागा नसते. अनेक घरांतील कुरबुरींचे मूळ स्वभावात नसून या रिकाम्या दहा तासांत असते.

आपल्या पूर्वजांनी या अवस्थेचा विचार केला होता. केस पांढरे झाले, नातवाचे मुख पाहिले की प्रपंचाची सूत्रे पुढच्या पिढीकडे सोपवून वनाकडे वळावे, असा वानप्रस्थाश्रम त्यांनी सांगितला. आज वनात जाणे शक्य नाही आणि आवश्यकही नाही. मात्र त्यामागील दोन गोष्टी आजही घेण्यासारख्या आहेत. एक, घराच्या कारभारातून अंग काढून बाहेर पडणे. दुसरी, निसर्गाच्या सहवासात नियमाने राहणे. माझ्या मते पहिलीसाठी सायकल आणि दुसरीसाठी बाग ही आजच्या मध्यमवर्गीय माणसाच्या आवाक्यातील साधने आहेत.

प्रथम सायकलविषयी. पुणे हे एकेकाळी सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई. आपल्यापैकी कित्येक जण शाळेत आणि पुढे नोकरीवरही सायकलनेच गेले. ती सवय मोडली असली तरी विद्या विसरलेली नसते. सायकलवर शरीराचा बराचसा भार बैठक पेलते. त्यामुळे चालताना कुरकुरणारे गुडघे अनेकदा सायकलवर फारशी तक्रार करत नाहीत. फ्रान्समधील रोबेर मार्शां यांनी २०१२ साली वयाच्या १०० व्या वर्षी एका तासात २४ किलोमीटरहून अधिक अंतर कापले आणि १०२ व्या वर्षी, २०१४ मध्ये, जवळजवळ २७ किलोमीटर. दरम्यान शास्त्रज्ञांच्या देखरेखीखाली त्यांनी नियमित सराव केला होता. आपल्याला विक्रम करायचा नाही. परंतु शंभरीनंतरही सरावाने शरीर सुधारते, एवढे यातून घ्यावे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये ६५ वर्षांवरील व्यक्तींसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमांचा व्यायाम सुचवला. आठवड्यातून पाच दिवस रोज अर्धा तास सायकल चालवली की १५० मिनिटे भरतात. मात्र काही पथ्ये पाळावीत. आरंभापूर्वी आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. बैठकीची उंची अशी असावी, की पायडल सर्वांत खाली असताना त्यावर टाच टेकवली तर पाय सरळ व्हावा. बैठक फार खाली असेल तर गुडघे दुखतात. डोक्यावर शिरस्त्राण हवे, मागे लाल परावर्तक हवा, ब्रेक आणि घंटी तपासलेली हवी. मधुमेहाची औषधे चालू असतील तर खिशात साखरेची पुडी आणि आपले नाव-दूरध्वनी लिहिलेले कार्ड ठेवावे. वर्दळीच्या रस्त्यावर तरुणांशी स्पर्धा करू नये. चढ आला तर खुशाल उतरून चालावे, त्यात कमीपणा नाही.

सायकलचीही एक मर्यादा आहे. तिने हृदय आणि फुप्फुसे सुधारतात. हाडांवर मात्र फारसा ताण येत नाही, म्हणून ती त्यामुळे विशेष बळकट होत नाहीत. संघटनेच्या त्याच शिफारशींत आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंच्या बळाचा आणि तीन दिवस तोल सांभाळण्याचा व्यायाम सांगितला आहे. पाण्याची झारी उचलणे, माती कालवणे, वाकणे, उठणे, कुंड्यांमधून सावधपणे पावले टाकणे, या बागकामातून यातील बराच भाग सहज साधतो.

बागेसाठी अंगणच हवे असे नाही. गणिताचे प्राध्यापक श्री. अ. दाभोळकर यांनी ‘प्रयोग परिवार’ या चळवळीतून दाखवून दिले, की थोडी जागा, भरपूर ऊन आणि घरातील काडीकचरा एवढ्यावरही विपुलता निर्माण करता येते. घरातील भाज्यांची देठे-साले आणि त्यांच्या दुपटीने वाळलेला पाला यांचे थर बादलीत रचून, ते ओलसर ठेवून अधूनमधून हलवले, तर दोन-तीन महिन्यांत उत्तम खत होते. नुसती माती फार जड असते. म्हणून गच्चीवर किंवा सज्जात कुंड्या भरताना निम्म्याहून अधिक पालापाचोळा आणि खत वापरावे. कुंड्यांखालच्या ताटल्यांतील पाणी दर आठवड्याला न चुकता ओतून टाकावे, कारण डेंग्यूचा डास तेथेच वाढतो.

हा ऑक्टोबर महिना आरंभासाठी अनुकूल आहे. पाऊस ओसरला की गुलाबाची छाटणी करावी. बाहेरच्या बाजूला असलेल्या डोळ्याच्या किंचित वर तिरका काप द्यावा. दीड-दोन महिन्यांत फुले येतात. धणे चोळून त्यांचे दोन भाग करून पेरावेत. मेथी तर महिन्याभरात ताटात येते.

माझे एक परिचित आहेत, बँकेतून निवृत्त झालेले. निवृत्तीनंतर वर्षभरातच त्यांच्या पत्नीचे निधन झाले. मुलगा परदेशी. सज्जात वहिनींचा मोगरा होता. त्याला पाणी कधी घालायचे हेही त्यांना ठाऊक नव्हते. शेजारच्या काकूंनी सांगितले त्याप्रमाणे त्यांनी डिसेंबरात पाणी तोडले, जानेवारीत छाटणी केली, खत घातले. मार्चमध्ये कळ्या आल्या. त्या ओंजळभर घेऊन ते काकूंच्या दारी गेले. मी असे म्हणणार नाही, की त्यांचे दुःख नाहीसे झाले. पण रोज सकाळी उठून दार उघडण्याचे कारण त्यांना मिळाले. कोणीतरी आपली वाट पाहते आहे, ही भावना रोपटेही देऊ शकते.

आता शेवटचा मुद्दा. आरोग्य आणि विरंगुळा एवढ्यावरच आपण थांबलो, तर ती निवृत्ती आपल्यापुरतीच राहील. दरवर्षी जून-जुलैमध्ये आपल्या नगरांत वृक्षारोपणाचे कार्यक्रम होतात, छायाचित्रे निघतात. पावसाळाभर रोप तग धरते. पुढे मार्च ते मे या काळात पाणी मिळाले नाही की ते जळून जाते. म्हणजे तेथे उणीव लावणाऱ्यांची नसते, पाणी घालणाऱ्यांची असते. कडुनिंब, करंज, बहावा, ताम्हण यांसारखी आपल्या मातीतील झाडे दोन-तीन उन्हाळे जगवली की पुढे बहुधा स्वतःच्या मुळांवर उभी राहतात.

येथे सायकल आणि बाग एकत्र येतात. सायकलच्या मागे दोन्ही बाजूंना पाच-पाच लिटरचे दोन डबे सारख्या वजनाने बांधावेत. आपल्या घरापासून किलोमीटरभराच्या रस्त्यावरील चार-पाच रोपे निवडावीत आणि उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा त्यांना पाणी द्यावे. बुंध्याभोवती पालापाचोळ्याचे आच्छादन करावे. वजन झेपत नसेल त्यांनी एकच रोप घ्यावे किंवा नातवाला सोबत घ्यावे. त्याला त्या वयात याहून चांगला संस्कार कोणता?

एक दिवस सायकल सोडावी लागेल, हेही आपण जाणतो. नजर किंवा तोल साथ देईनासा झाला की तो निर्णय कोणी सांगण्याआधी स्वतःच घ्यावा. कुंड्यांची बाग मात्र खुर्चीवर बसूनही सांभाळता येते. आणि तोपर्यंत त्या रस्त्यावरच्या करंजाखाली कोणीतरी शाळकरी मूल बसची वाट पाहत सावलीला उभे असेल. त्याला आपले नाव ठाऊक असण्याची आवश्यकता नाही.

म्हणून माझी आपणास विनंती आहे. घरी गेल्यावर माळ्यावरची किंवा जिन्याखालची सायकल बाहेर काढा, तिच्या चाकांत हवा भरा. एका कुंडीत मेथी पेरा. आणि येत्या उन्हाळ्यासाठी आपल्या रस्त्यावरचे एक रोप आजच निवडून ठेवा.