सिलिकोसिस हा दैवाचा भोग नव्हे



भिलाईचे नाव निघाले की १९५५ चा सोव्हिएत सहकार्याचा करार आणि १९५९ मध्ये सुरू झालेली पहिली झोतभट्टी आठवते. ते यश खरे आहे. पण पोलाद बनविणाऱ्या श्रमिकाच्या फुफ्फुसाचा हिशेब मांडल्याशिवाय त्या यशाचे वर्णन पुरे होत नाही.

कोक भट्ट्यांच्या भिंती सिलिकाच्या विटांच्या असतात. फाउंड्रीतील साचे वाळूचे असतात. जुनी वीट फोडताना, ओतीव वस्तूवरील वाळू झाडताना, दगड भरडताना धूळ उडते. तिच्यातील सर्वांत घातक कण डोळ्यांना दिसतच नाहीत. ते फुफ्फुसाच्या तळापर्यंत पोचतात. त्यांना गिळणाऱ्या शरीराच्या रक्षक पेशीच मरतात आणि त्या जागी निबर व्रण तयार होतात. बहुधा दहा-वीस वर्षांनी धाप लागू लागते. तोवर काम सुटलेले असले तरी रोग वाढतच राहतो. या रोगावर इलाज नाही. प्रतिबंध मात्र पूर्णपणे शक्य आहे. पाण्याचा फवारा, धूळ खेचणारी यंत्रणा, बंदिस्त यंत्रे ही साधने जुनीच आहेत. त्यांना खर्च येतो, एवढाच त्यांचा दोष!

सिलिकोसिस झालेल्याला क्षय लवकर जडतो. म्हणून कागदावर अनेकदा केवळ क्षयाची नोंद होते आणि मालकाची जबाबदारी तेथेच पुसली जाते. १९४८ च्या कारखाने कायद्याने या रोगाची खबर देणे डॉक्टरांवर बंधनकारक केले. नुकसानभरपाईच्या कायद्यानेही त्याला व्यवसायजन्य रोग मानले. परंतु ठेकेदार बदलत राहिला, हजेरीपत्रकात नाव चढले नाही, तर धूळ कोणाकडे खाल्ली हे कामगाराने सिद्ध कसे करावे? त्यात २०२० च्या संहितेने विजेवर चालणाऱ्या कारखान्याच्या व्याख्येतील कामगारसंख्या १० वरून २० वर नेली. लहान फाउंड्र्या आणि क्रशर यांना ही मोठीच पळवाट आहे.

मध्य प्रदेशातील आदिवासी गुजरातमधील गोध्र्याच्या गारगोटी भरडण्याच्या कारखान्यांत गेले आणि गावी परतून मेले. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाखल झालेल्या याचिकेवर ४ मे २०१६ रोजी आदेश झाला : २३८ मृतांच्या वारसांना गुजरात सरकारने प्रत्येकी ३ लाख रुपये द्यावेत. न्याय मिळाला, पण मिळाला तो वारसांना.

भिलाईच्या कंत्राटी कामगारांनी कायम नोकरी आणि जगण्यापुरते वेतन मागितले. त्या लढ्यात २८ सप्टेंबर १९९१ रोजी शंकर गुहा नियोगी यांची हत्या झाली. १ जुलै १९९२ रोजी कामगारांवर गोळीबार झाला. कायम नोकरीची ती मागणी फुफ्फुसाचीही मागणी होती. ज्याचे नाव नोंदवहीत आहे, त्याचाच रोग सिद्ध होतो.

म्हणून प्रत्येक युनियनने धुळीच्या खात्यातील कंत्राटी कामगारांची नावे, कामे आणि वर्षे यांची स्वतंत्र नोंद ठेवली पाहिजे. नियमित क्ष-किरण तपासणी आणि तिच्या अहवालाची प्रत कामगाराच्या हाती, ही मागणी वेतनाच्या मागणीशेजारी मांडली पाहिजे. धूळ उठते तेथेच ती दाबली गेली पाहिजे. भरपाई हा हक्क आहेच. पण कामगारवर्गाचा लढा भरपाईची वेळच येऊ नये यासाठी आहे.