फडताळातले शास्त्र



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तरीही आज शास्त्रावर चार शब्द बोलते, कारण ते आपल्या फडताळातच आहे.

चमचाभर हळद पाण्यात कालवून कोऱ्या कागदाला लावा व वाळू द्या. त्यावर साबणाच्या पाण्याचा थेंब टाकताच तो लाल होतो. वर लिंबू पिळले की पुन्हा पिवळा! साबण, सोडा ही एक जात. लिंबू, चिंच, ताक ही दुसरी. हळद त्यांतला भेद दाखविते. वरणाचा डाग साबण लागल्यावर लाल का होतो, हे मग मुलांना आपोआप उमगते. चुनादेखील पहिल्याच जातीचा. पण तो डोळ्यांस घातक, म्हणून मुलांच्या हाती देऊ नये.

दुसरा प्रयोग. तांब्याभर पाण्यात बटाटा बुडतो. मीठ विरघळवीत जा; पाणी पुरेसे खारट झाले की तो वर येतो. मिठाने पाणी जड होते. विहिरीपेक्षा समुद्रात अंग का तरंगते, ते इथे कळते.

मुले "का?" विचारतात आणि कामाच्या घाईत आपण "गप बस" म्हणतो. त्याऐवजी "चल, करून पाहू" म्हणावे. त्याला पदवी लागत नाही, पैसाही लागत नाही. मात्र मुलाने प्रयोग करायचा आणि मुलीने पसारा आवरायचा, असे होऊ देऊ नका. दोघांनी करावा, दोघांनी आवरावा.