कच्चे मडके

भक्तजनहो, तेरच्या गोरोबाकाकांनी थापटण्याने संतांची मस्तके पारखली आणि नामदेवांस कच्चे ठरविले, ही कथा आपणांस ठाऊकच आहे. परंतु कुंभाराच्या बोलीत 'कच्चे' म्हणजे काय, हे आव्यापाशी उभे राहिल्यावाचून उमगत नाही.

मडकी रचून, गोवऱ्या व काटक्या घालून आवा पेटविला की कुंभाराची सत्ता संपली. पुढे वारा आणि जाळ. ओल राहिलेले मडके वाफेने फुटते. धूर कोंडला तर तांबडी मातीही काळी पडते. ज्यास सुमारे ६०० अंश सेल्सिअसची धग पोचली नाही, ते भाजल्यासारखे दिसले तरी पाण्यात भिजून पुन्हा चिखल होते. असे मडके बहुधा आव्याच्या कडेचे असते. त्याची माती वा घडण हीन असते असे नव्हे.

म्हणून कुंभार प्रत्येक मडके बोटाने वाजवून पाहतो. (थापटणे हे वस्तुतः ओल्या मडक्याचे हत्यार!) पक्के खणखणते, तडकलेले व कच्चे, दोन्ही बद्द वाजतात. तडकलेले टाकावेच लागते. कच्चे मात्र पुढच्या आव्यात, भर जाळात, पुन्हा ठेवता येते.

त्या परीक्षेनंतर नामदेव विसोबा खेचरांकडे गेले, असे परंपरा सांगते.