चिलटे कोठून येतात?

(मंडळाच्या मासिक सभेत केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला "काहीतरी उपयोगाचे बोला" म्हणून सांगितले, तेव्हा मी आधी नाहीच म्हणत होते. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. चारचौघींपुढे उभे राहून बोलण्याची सवय नाही. या मंडळात आजवर माझा आवाज निघाला तो हळदीकुंकवाला नाव घेण्यापुरता. पण चिटणीसबाई म्हणाल्या, "तुमच्या मोरीचे जे झाले तेच सांगा की." म्हणून आज मी मोरीवर आणि चिलटांवर बोलणार आहे. हसू नका. मोरी प्रत्येकीच्या घरी आहे, आणि पावसाळा लागला की चिलटेही प्रत्येकीच्या घरी आहेत. पण माझ्या घरी त्या चिलटांपायी एक माणूस दुखावले गेले. ते सांगितल्याशिवाय बाकीचे सांगण्यात अर्थ नाही.

गेल्या श्रावणातली गोष्ट. शुक्रवारचे हळदीकुंकू होते. आटीव दूध आणि फुटाणे असा नेहमीचा बेत. पंधरा-वीस बायका आल्या होत्या. शेजारच्या एका वडीलधाऱ्या काकूंच्या हाती मी दुधाचा पेला दिला. त्यांनी तो तोंडाशी नेला आणि हळूच खाली ठेवला. काही बोलल्या नाहीत. मागाहून पेले उचलताना मी पाहिले तर दुधावर काळे चिलट तरंगत होते. भगिनींनो, मला अगदी धरणी पोटात घेईल तर बरे असे झाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी कामाच्या मावशी आल्या. सहा वर्षे त्या आमच्याकडे भांडी आणि लादी करत होत्या. मी त्यांना दारातच म्हटले, "मावशी, मोरी तुम्ही नुसती ओली करून जाता. घासत नाही. काल चारचौघींत माझी शोभा झाली." त्या म्हणाल्या, "वहिनी, रोज घासते की हो. पण ती जाळी उचलत न्हाई. खालचं कसं घासू?" मी रागात होते. म्हटले, "सबबी सांगू नका." मावशींनी त्या दिवशीचे काम पुरे केले, हात पुसले आणि उद्यापासून येत नाही म्हणून सांगून गेल्या.

त्यानंतर पंधरा दिवस मी स्वतः मोरी घासली. कंबर दुखेपर्यंत घासली. फिनेल ओतले, उकळते पाणी ओतले. चिलटे काही कमी होईनात, उलट वाढलीच. तेव्हा कुठे मनात आले, की दोष घासणाऱ्या हाताचा नसावा. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी अशी माझी गत झाली होती. मग मी नीट पाहायला लागले. आमची मुलगी कॉलेजात शास्त्र शिकते. तिने भिंग आणून दिले आणि बऱ्याच गोष्टी समजावल्या. त्या आता सांगते.

पहिली गोष्ट ही, की आपण ज्याला सरसकट चिलट म्हणतो ते एक नसते. घरात मुख्य दोन जाती. एक फळांवरचे चिलट. ते तांबूस-पिवळट असते, जेमतेम तीन मिलिमीटर, डोळे बहुधा लालभडक. केळ्यांच्या घडाभोवती, ओल्या कचऱ्याच्या बादलीवर घिरट्या घालते. दुसरी मोरीतली माशी. ती काळपट-करडी, पंखांवर केस, जणू एवढासा पतंग. भिंतीवर पंख पसरून बसते. हिला उडणे फारसे जमत नाही. हात मारला तर थोडेसे उडून पुन्हा तिथेच बसते, आणि चिरडली तर भिंतीवर राखेसारखा डाग पडतो. दिवसा ती ओलसर कोपऱ्यात गप्प असते, संध्याकाळी बाहेर पडते. दुधात पडली होती ती हीच. आंब्याला आणि भोपळ्याच्या वेलाला लागणारी फळमाशी निराळी आणि मोठी. तिचा आजच्या विषयाशी संबंध नाही.

या दोघींची ओळख पटल्याशिवाय उपाय करू नये. मी केळी झाकून ठेवत होते आणि माशी येत होती मोरीतून. मग केळ्यांनी काय करावे?

दुसरी गोष्ट, माशी जिथे दिसते तिथे तिला मारून उपयोग नाही. ती जिथे जन्मते ती जागा शोधावी लागते. फळावरचे चिलट आंबलेल्या, नासू लागलेल्या पदार्थावर अंडी घालते. एक मादी आयुष्यात चारशेच्या वर अंडी घालू शकते, आणि उबदार हवेत आठ-दहा दिवसांत अंड्याचे चिलट होते. मुलगी सांगत होती, की एवढ्या झपाट्याने पिढ्या होतात म्हणूनच शास्त्रज्ञांनी आईबापांचे गुण मुलांत कसे उतरतात हे शोधायला हेच चिलट बाटल्यांत पाळले. थॉमस मॉर्गन नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाला या कामाबद्दल १९३३ साली नोबेल पारितोषिक मिळाले. मी म्हटले, त्यांनी पाळली, मला घालवायची आहेत.

मोरीतल्या माशीची तऱ्हा वेगळी. मोरीच्या नळीच्या आतल्या अंगाला साबण, केस, तेलकटपणा आणि अन्नाचे कण यांचा बुळबुळीत थर बसतो. त्या थरात ती अंडी घालते. दोन दिवसांत अळ्या निघतात. त्या त्याच थरावर जगतात आणि शेपटीकडची नळी वर काढून श्वास घेतात. एक ते तीन आठवड्यांत माशी होऊन वर येते. आपण वरून ओतलेले पाणी किंवा औषध त्या थरावरून घसरून जाते. आतली अळी सुरक्षित राहते. माझे पंधरा दिवसांचे फिनेल असेच वाहून गेले.

आता जागा कशी शोधावी? घरात चार ठिकाणी पाणी जाते. कोणती मोरी दोषी हे कसे कळावे? रात्री निजण्यापूर्वी मोरी कोरडी पुसावी. काचेच्या पेल्याला किंवा पारदर्शक डब्याला आतून तेलाचे बोट फिरवावे आणि तो जाळीवर पालथा घालावा. असे प्रत्येक मोरीवर, बेसिनच्या भोकावर करावे. दोन-चार रात्री लागोपाठ करावे. ज्या पेल्यात माश्या चिकटतील ती मोरी दोषी. आमच्याकडे न्हाणीघराच्या पेल्याला पहिल्याच रात्री सात चिकटल्या. स्वयंपाकघराच्या बेसिनवर एकही नाही.

मग नळकाम करणाऱ्याला बोलावले. त्याने जाळी पाहिली आणि म्हणाला, "ही तर सिमेंटने बुजवलीय." तेव्हा मला आठवले. तीन वर्षांपूर्वी लाद्या बदलल्या तेव्हा झुरळे वर येऊ नयेत म्हणून मीच गवंड्याला जाळी पक्की बसवायला सांगितली होती. त्याने पांढरे सिमेंट लावून बसवली. तीन वर्षांत ती जाळी कोणी उचललीच नव्हती. उचलणार कशी? छिन्नीने फोडून काढली तेव्हा खालच्या वाटीत जे दिसले त्याचे वर्णन जेवणापूर्वी करत नाही. काळा चिखल, आणि त्यात वळवळणाऱ्या बारीक अळ्या. मावशींनी सांगितले होते ते अक्षरशः खरे होते. माझ्या हातून चोर सोडून संन्याशाला फाशी झाली होती.

आता सफाईची रीत सांगते. जाळी उचलावी. हातात रबरी मोजे घालावेत. खालची वाटी काढून वेगळी घासावी. मग बाटल्या धुण्याच्या लांब ब्रशने नळीची आतली बाजू, जाळीची खालची बाजू आणि कडा खरवडून घासाव्या. खरे काम या घासण्याचे आहे, ओतण्याचे नाही. निघालेला गाळ पुन्हा नळीत ढकलू नये. कागदात घेऊन टाकावा. मग धुण्याचा सोडा घालून बादलीभर कढत पाणी सोडावे. अगदी उकळते नको. हल्ली नळ्या प्लास्टिकच्या असतात, उकळत्या पाण्याने त्यांचे सांधे ढिले होतात. हे आठवड्यातून दोनदा, असे तीन आठवडे करावे. तीन आठवडे का? तर चुकून राहिलेल्या अळ्या आणि कोश यांतून माश्या निघतच राहतात. चार दिवसांत गुण आला नाही म्हणून सोडून देऊ नये.

मोरीखाली एक वाकडा भाग असतो, त्याला नळकामवाले नहाणी ट्रॅप म्हणतात. त्यात पाणी साचून राहते आणि त्या पाण्यामुळे गटारातली घाण व किडे वर येत नाहीत. पाहुण्यांसाठीचे न्हाणीघर महिनाभर वापरले नाही तर ते पाणी सुकते आणि रस्ता मोकळा होतो. अशा मोरीत आठवड्याला तांब्याभर पाणी ओतावे. इतकी सोपी गोष्ट, पण मला चाळीशी उलटल्यावर कळली. आणि घासूनही माश्या येतच राहिल्या तर धुण्याच्या यंत्रामागे किंवा बेसिनखाली कुठे पाणी झिरपते का, लादी फुटली आहे का, ते पाहावे.

आता फळांवरच्या चिलटांकडे वळते. इथेही तेच सूत्र. फळे घरात आल्यावर धुवावी. पिकलेली केळी, चिकू, पेरू जाळीखाली किंवा फ्रिजमध्ये ठेवावे. फणसाची आठळे-चारखंडे रात्रभर उघडी ठेवू नयेत. कांद्या-बटाट्याची टोपली आठवड्याला रिकामी करून पाहावी. आमच्या टोपलीच्या तळाशी एक बटाटा पाणी होऊन बसला होता, आणि सगळ्या घरात चिलटे! २०१६ च्या नियमांनंतर ओला कचरा वेगळा ठेवायची शिस्त आली, ती चांगलीच आहे. पण ती बादली झाकणाची हवी, रोज रिकामी करून धुवून उपडी घालायला हवी. ओटा पुसायचे फडके आणि लादीचे पोछे ओले गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. तेही आंबतात. सरबताच्या रिकाम्या बाटल्या विसळून ठेवाव्या.

उरलेल्या चिलटांसाठी पेल्यात दोन बोटे व्हिनेगर, त्यात जास्त पिकलेल्या केळ्याचा तुकडा आणि भांडी घासायच्या पातळ साबणाचे दोन थेंब घालून रात्री ओट्यावर ठेवा. आंबूस वासाने चिलटे येतात. नुसत्या व्हिनेगरवर ती बसून उडून जातील. साबणामुळे पाण्यावरचा ताण मोडतो आणि ती बुडतात. मात्र मोरीतली माशी या पेल्याला फारशी भुलत नाही. आणि टोपलीत नासका बटाटा तसाच असेल तर दहा पेले ठेवूनही काही होणार नाही.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगते. त्या पंधरा दिवसांत मी एकदा मोरीत ब्लीचिंग पावडर टाकली आणि तिने भागेना म्हणून वर संडास धुण्याचे ॲसिड ओतले. क्षणात असा उग्र वायू आला की श्वास कोंडला. डोळ्यांतून धारा. खोकत बाहेर पळाले म्हणून वाचले. ब्लीचिंग आणि ॲसिड एकत्र आले की क्लोरीन नावाचा विषारी वायू सुटतो. न्हाणीघर लहान, खिडकी बंद, अशा वेळी जिवावर बेतू शकते. ही दोन कधीही, कधीही एकत्र करू नका. आणि आपल्याकडे काम करणाऱ्या बाईलाही सांगून ठेवा. बाटली आपण आणतो, वाकून ओतते ती. तसेच माश्या मारायचे फवारे स्वयंपाकघरात उघड्या अन्नाजवळ मारू नका, आणि मोरीत रॉकेल ओतू नका.

तीन आठवड्यांनी आमची मोरी स्वच्छ झाली. माशी दिसेनाशी झाली. मग एका संध्याकाळी मी मावशींच्या घरी गेले. त्यांनी मला बसायला पाट दिला, चहा केला. मी म्हटले, "मावशी, चूक माझी होती. जाळी मीच बुजवून घेतली होती." त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "वहिनी, मी दोनदा सांगितलं होतं." एवढेच. पुन्हा या म्हणून मी विनवले, पण तोवर त्यांनी दुसरे घर धरले होते, आणि तिथे त्यांचे बरे चालले होते. त्या परत आल्या नाहीत. वाटेत भेटल्या तर बोलतात, एवढे समाधान आहे.

म्हणून भगिनींनो, घरात चिलट दिसले तर हात उगारण्याआधी ते कुठून आले ते पाहा. जाळी उचलून पाहा, टोपलीचा तळ पाहा. आणि घरात राबणारी सून असो की कामाच्या मावशी, ती काही सांगत असेल तर आधी ऐकून घ्या. मोरी तिच्या हाताखालून रोज जाते, आपल्या नाही.

 आज घरी गेल्यावर मोरीची जाळी तेवढी उचलून पाहा, इतकी विनंती करते आणि आपली रजा घेते.